दहा पॉइंट दोन

नाथाजी सरांना पाच मिनिटं एका जागी बसलेलं कुणी बघितलं असेल तर त्यानं मला येऊन सांगावं, मी त्याला चहा पाजीन. स्टाफरूममध्ये त्यांची खुर्ची आहे, पण तिच्यावर जर्नलांचा गठ्ठा बसतो आणि सर व्हरांड्यात येरझाऱ्या घालतात. शिकवतानाही तेच. फळ्यापासून खिडकी, खिडकीपासून दार, दारातून अर्धे बाहेर, परत आत. मागच्या बाकावरच्या पोरांच्या माना दुखायला लागतात. मी एकदा म्हटलंसुद्धा, "सर, बसा की जरा. काय मुंग्या लागल्यात काय?" तर म्हणाले, "बसलं की डोक्यात इचार येत्यात मॅडम."

मी प्रियदर्शनी. कराडजवळच्या मलकापूरहून रोज एसटीनं जाऊन-येऊन बारावीला जीवशास्त्र शिकवते. कॉलेज खटाव तालुक्यात, वडूजच्या पुढं. नाव सांगत नाही, उगाच संस्थावाले माझ्या मानगुटीवर बसायचे. सर रसायनशास्त्राचे, आडनाव पुकळे, घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं. अकरा वर्षांचे होईपर्यंत दिवाळी झाली की बापाबरोबर मेंढरं घेऊन ते कराडच्या ऊसपट्ट्यात मुक्कामाला यायचे. खतासाठी लोक रानात मेंढरं बसवून घ्यायचे. बोलता बोलता एकदा निघालं की ती आमच्याच मलकापूरच्या रानात बसायची. "तुमच्या हिरीत लय पवलोय मी," असं सर इतक्या सहज म्हणाले की मला राग यावा की हसू, तेच कळेना. आमचे आजोबा त्या विहिरीवर आम्हाला फिरकूसुद्धा देत नव्हते!

तर आता प्रयोगशाळेचं. आमच्याकडं प्रयोगशाळा आहे. दारावर तशी पाटी आहे. आत गॅदरिंगचे पडदे, मोडकी बाकं आणि एक मायक्रोस्कोप आहे, ज्याची काच फुटून दहा वर्षं झाली. पण बोर्डाची प्रॅक्टिकल परीक्षा कुणाला चुकली आहे? तीस मार्कांची परीक्षा, आणि तिला जर्नल पूर्ण लागतं. मग सर ब्युरेट फळ्यावर काढायचे. ब्युरेट म्हणजे उभी काचेची नळी, अंगावर मापाच्या खुणा, खाली तोटी. तिच्यातून जांभळं पोटॅशियम परमँगनेट थेंब थेंब सोडायचं, खाली चंबूतलं पाणी फिकट गुलाबी झालं की तोटी बंद करायची आणि नळीतून किती उतरलं ते वाचायचं. हे सगळं तोंडानं. शेवटी सर फळ्यावर वाचनं लिहायचे, दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन, दहा पॉइंट दोन, आणि पोरं उतरवून घ्यायची. सतरा वर्षं हाच आकडा. परीक्षेला बाहेरचे सर यायचे, जर्नलं चाळायचे, जेवायचे आणि सही ठोकून जायचे. त्यांच्या कॉलेजात बारा पॉइंट चार असेल, एवढाच फरक.

मी तरी कुठं धुतल्या तांदळासारखी? माझ्या पोरांच्या जर्नलमध्ये कांद्याच्या मुळाच्या पेशी अशा सुबक असतात की बघत राहावं. सगळ्या माझ्या फळ्यावरून उतरवलेल्या.

सरांनी सामानासाठी संस्थेकडं अकरा अर्ज केले होते. आमचे प्राचार्य दादासो जगदाळे प्रत्येक अर्जावर 'पुढील वर्षी विचार व्हावा' असं लिहायचे. अक्षर फार सुंदर आहे त्यांचं.

आणि गेल्या नोव्हेंबरात पत्र आलं. सांगलीजवळ विद्यापीठाची मोठी प्रयोगशाळा आहे, तिथं बारावीच्या पोरांसाठी भेटीचे दिवस ठेवले होते. येणाऱ्या कॉलेजांपैकी एकाला ते प्रयोगशाळेचं पूर्ण सामान देणार होते. चोवीस ब्युरेट, दोन वजनकाटे, सहा मायक्रोस्कोप, सगळं. कुणाला द्यायचं ते त्या दिवशी पोरांचं काम बघून ठरणार. सरांनी ते पत्र माझ्यापुढं नाचवलं. "मॅडम, ह्ये आपल्याला पायजेलच. काय बी होऊ दे." त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली आणि आमचीही त्यांनी उडवली.

पोरांच्या हाताला सवय कशी लावायची? सरांनी वडूजच्या एका दवाखान्यातून सलाईनच्या वापरलेल्या बाटल्या आणि नळ्या आणल्या, सुया काढून, धुऊन, उकळून. खिडकीच्या गजांना टांगल्या. विहिरीत टाकतात ते पोटॅशियम बाटलीत, खाली ग्लासात व्हिटॅमिन सीच्या आंबट गोळ्या विरघळवलेलं पाणी. नळीचं चाक फिरवलं की थेंब पडतो आणि पाण्यात पडला की रंग गायब होतो. गोळ्यांचा दम संपला की मात्र रंग टिकतो. वर्ग नव्हे, वॉर्डच वाटायचा तो. पंधरा दिवस चोवीस पोरं एक-एक थेंब सोडत बसली. राणी म्हणून एक मुलगी आहे, बोलायला मुखदुर्बळ, पण हात असा की अर्ध्या थेंबाला चाक आवळायची. सर तिच्याकडं बघून स्वतःशीच मान हलवत पुढं जायचे. सलाईनच्या नळीवर मापाच्या खुणा नसतात, हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नाही. आकड्याची काळजी कशाला? आकडा जर्नलमध्ये होताच.

डिसेंबरातल्या एका गुरुवारी पहाटे निघालो. मायणी, विटा, तासगाव. सर बसभर उभे. प्रत्येक थांब्याला दारात उभं राहून चढणाऱ्या पोरांच्या डोक्याला बोट लावत जोडीजोडीनं मोजायचे, रात्री मेंढवाड्यात मेंढरं घेताना मोजतात तसं. मध्येच कुणी हाक मारली की आकडा चुकायचा आणि सगळ्यांना खाली उतरवून परत पहिल्यापासून. विट्यात तिसऱ्यांदा उतरवल्यावर मी चिडले. "सर, चोवीसच आहेत हो! पळून कुठं जाणार आहेत?" "ऱ्हाऊ द्या मॅडम, मला बरं वाटतंय मोजल्यावर." विट्यापासून पुढं त्यांनी पाण्याचा घोटसुद्धा घेतला नाही.

प्रयोगशाळा बघितली आणि आमची पोरं दारातच थबकली. चप्पल काढू लागली. तिथले प्रमुख डॉ. उदयसिंह घोरपडे, उंच, पांढरा कोट, आवाज मऊ. "चप्पल राहू द्या रे, काच लागेल पायाला," म्हणाले. सकाळी रसायन, दुपारी माझं जीवशास्त्र, असा बेत होता. सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर चार पोरं आणि एक ब्युरेट. टेबलाटेबलाचं द्रावण वेगळ्या ताकदीचं ठेवलंय, एवढं त्यांनी मला हळूच सांगितलं. पोरांना नाही सांगितलं. सरांनाही नाही.

आणि काय सांगू, पोरांनी कमाल केली! सलाईनच्या चाकावर तयार झालेले हात ते. एकानं चंबू हलवायचा, एकीनं तोटी सांभाळायची, कुठं गडबड नाही. गुलाबी छटा अशी फिकट की पांढरा कागद खाली धरल्याशिवाय दिसू नये. घोरपडे सर टेबलाटेबलाला थांबत गेले. राणीच्या टेबलाशी तर बराच वेळ थांबले. मग आमच्याकडं येऊन म्हणाले, "पुकळे सर, हे हात कुणी घडवले? शहरातल्या पोरांचा रंग इथं गडद जांभळा होतो." सरांच्या चेहऱ्याकडं मला बघवेना. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला म्हणाले, "मॅडम, आलं बरं का सामान." मीसुद्धा मनात मायक्रोस्कोप मांडायला घेतले.

मग प्रत्येक टेबलानं आपलं वाचन लिहिलेल्या चिठ्ठ्या गोळा झाल्या. घोरपडे सरांनी पहिली वाचली. "दहा पॉइंट दोन." दुसरी. "दहा पॉइंट दोन." तिसऱ्या चिठ्ठीला त्यांचा आवाज खाली आला. चौथी, पाचवी, सहावी त्यांनी वाचल्याच नाहीत, नुसत्या टेबलावर एकीशेजारी एक मांडल्या. अगंबाई! सहा टेबलं, वेगवेगळी द्रावणं, आणि आकडा एक.

"हे कसं काय?" त्यांनी पोरांना विचारलं. सगळ्यांच्या माना खाली. आणि मग आमची मुखदुर्बळ राणी उभी राहिली. "सर, आमीच ठरवून लिवलं. गंमत म्हणून." खोटं बोलताना ती चंबूकडंच बघत होती. बाकीच्या पोरांनीही माना हलवल्या, व्हय व्हय, गंमत. सरांचं नाव एकानंही घेतलं नाही.

घोरपडे सरांनी आम्हा दोघांना खिडकीशी नेलं. "पोरं आहेत. त्यांनी वाह्यातपणा केला असेल तर मी पुन्हा करून घेतो, हात फार चांगले आहेत त्यांचे. माझी शिफारस तुमच्याच कॉलेजाला जाईल. पण कॉलेजातच प्रॅक्टिकल असं होत असेल, तर मला ती करता येणार नाही. तसा नियम आहे. काय ते सांगा."

किती सोपं होतं! नुसतं 'पोरं हो, काय करणार' म्हणायचं आणि चोवीस ब्युरेट गाडीत घालायच्या. मी सरांच्या शर्टाची बाही मागून ओढली. गप्प बसा, एवढाच त्याचा अर्थ. त्यांना कळला. त्यांनी बाही सोडवून घेतली, खिडकीपासून टेबलापर्यंत गेले, परत आले, परत गेले. घोरपडे सर चक्रावून बघत होते. मग पोरांपुढंच उभं राहून म्हणाले, "आकडा माझा हाय सर. पोरांचा न्हाई. आमच्याकडं ब्युरेट न्हाई. सतरा वर्सं मी फळ्यावर ह्योच आकडा लिवतोय. आणि तो माझा बी न्हाई. मी बारावीला असताना आदल्या वर्षीच्या एकाच्या जर्नलमधनं उतरवला. त्यानं कुठनं आणला, देव जाणे."

मला त्यांचा असा राग आला म्हणून सांगू! सतरा वर्षं दाबून ठेवलं ते आणखी अर्धा तास दाबलं असतं तर काय बिघडलं असतं? हातातोंडाशी आलेला घास!

सर राणीकडं वळले. "तुला किती दिसलं गं? खरं सांग."

"तेरा पॉइंट सहा."

"मग तेच का न्हाई लिवलं?"

राणी रडकुंडीला आली. "मला वाटलं ब्युरेट खराब हाय. तुमी एवढी वर्सं धा पॉइंट दोन सांगताय सर. तुमी कसं चुकाल?"

सरांनी तोंड फिरवलं. घोरपडे सरांनी सहा चिठ्ठ्या उचलून खिशात ठेवल्या आणि म्हणाले, "शिफारस होणार नाही, सर. मला वाईट वाटतं. पण वेळ आहे अजून. पोरांना परत करू दे. या वेळी दिसेल तेच लिहा."

पोरांनी परत केलं. सात पॉइंट चार, अकरा पॉइंट नऊ, तेरा पॉइंट सहा, ज्याचं त्याचं वेगळं. आणि वेगळं आलं म्हणून पोरं घाबरली, एकमेकांच्या टेबलावर डोकावून बघायला लागली की आपलं चुकलं काय. सर टेबलाटेबलाला जाऊन ओरडत होते, "बघू नगा दुसऱ्याचं! आपल्या नळीवर बघा!" शेवटी म्हणाले, "मी करू का एकदा?" सतरा वर्षांत त्यांच्या हाताला ब्युरेट लागली नव्हती. तोटी जास्त फिरली, चंबू भडक जांभळा. दुसऱ्यांदाही तेच. कुणी हसलं नाही. राणी शेजारी येऊन उभी राहिली. "हळू सर. अर्धा थेंब." तिसऱ्या वेळी जमलं. तोवर दुपार टळली होती आणि माझ्या जीवशास्त्राच्या तासाचे बारा वाजले होते. मायक्रोस्कोप काचेपलीकडं रांगेत झाकून ठेवलेले, आम्ही त्यांच्यासमोरून चालत गेलो. खरं सांगू? मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या पोरांना कुणी काही विचारलं नाही.

परतीच्या वाटेवर तासगावपर्यंत मी सरांशी बोलले नाही. मग राहवेना. "काय मिळवलंत सर?" ते दांड्याला धरून उभेच होते. "काय न्हाई मॅडम," म्हणाले. "पण त्या पोरीनं सवताच्या डोळ्याला खोटं ठरवलं. माझ्यापायी. ते मला सोसंना." मी खिडकीतून द्राक्षाच्या बागा बघत बसले. सामान लोणंदकडच्या एका कॉलेजाला गेल्याचं आठ दिवसांनी कळलं.

जानेवारीत जर्नलं पूर्ण करायची वेळ आली. त्या दिवशी मी शेजारच्या वर्गात होते, मध्ये नुसता पत्र्याचा पडदा, सगळं ऐकू येतं. सरांनी फळ्यावर उद्देश, साहित्य, कृती, सूत्र सगळं लिहिलं आणि वाचनाचा रकाना कोरा सोडला. पोरांची पेनं थांबली. कुणीतरी विचारलं, "सर, हितं काय लिवायचं?"

"हितं ब्युरेट दिसती का तुला?"

"न्हाई."

"मग जे हाय ते लिव."

चोवीस पोरांनी चोवीस जर्नलांत लिहिलं, 'ब्युरेट उपलब्ध नसल्यामुळे वाचन घेतलेले नाही.' प्रत्येकाखाली सरांची तारखेसह सही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं. जर्नलांचा गठ्ठा टेबलावर, आणि जगदाळे सरांचा चेहरा असा की विचारू नका. "पुकळे, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? बाहेरचा परीक्षक हे वाचणार! झाकली मूठ सव्वा लाखाची, एवढं तरी कळतं का तुम्हाला? पोरांचे मार्क गेले तर त्यांच्या आईबापांना तुम्ही तोंड देणार काय?"

सर केबिनमध्ये फेऱ्या मारत होते. घाम फुटला होता, आवाज चढत-उतरत होता, पण मागं हटेनात. "देतो की तोंड. न्हाईतर सामान आणा. परीक्षेला अजून बारा दिस हायत. सामान आलं की पोरं खरी वाचनं घेतील, मी खाली नवी सही करतो. पण आकडा मी सांगणार न्हाई. मला काढून टाका पायजे तर."

जगदाळे सरांनी गठ्ठ्यातली दोन जर्नलं परत उघडून बघितली. मग घंटी वाजवून क्लार्कला बोलावलं. अकरा अर्जांनी झालं नाही ते चोवीस कोऱ्या रकान्यांनी केलं, माझ्या डोळ्यांदेखत! "सांगलीला माणूस पाठवा, उद्याच्या उद्या. ब्युरेट, स्टँड, काय लागतं ते पुकळे सरांकडून लिहून घ्या." क्लार्क कागद घेऊन बसला. मग प्राचार्य माझ्याकडं वळले. पेन हातात तसंच.

"मॅडम, तुमचं काय? जीवशास्त्राची जर्नलं नीट पूर्ण आहेत ना? का तिथंही अशीच भानगड? असेल तर आत्ताच बोला, माणूस जातोच आहे, एकदम यादी होईल."

नाथाजी सर फिरता फिरता थांबले. क्लार्कचं पेन कागदावर टेकलेलं. एक शब्द बोलायचा होता मला. मायक्रोस्कोप. आख्ख्या स्टाफरूममध्ये फाटक्या तोंडाची म्हणून माझी ओळख आहे. एसटीच्या कंडक्टरला मी सोडत नाही, संस्थेच्या सचिवाला सोडलेलं नाही. पण दहा वर्षांच्या माझ्या सह्या त्या जर्नलांवर होत्या, आणि त्या मला दिसायला लागल्या.

"पूर्ण आहेत सर," मी म्हटलं.

नाथाजी सरांनी माझ्याकडं एकदा बघितलं. परत चालायला लागले.

तिसऱ्या दिवशी आठ ब्युरेट आल्या. प्रयोगशाळेतले पडदे आणि बाकं बाहेर निघाली, आणि तिथून दिवसभर पोरांचा नुसता कालवा. थांब, थांब, अर्धा थेंब, आलं बघ. मधूनच सरांचं ओरडणं. माझा वर्गात जीव रमेना. त्याच आठवड्यात मी पत्र्याच्या अलीकडं फळ्यावर कांद्याच्या मुळाची पेशी काढत होते, रंगीत खडूंनी, नेहमीसारखी सुबक. पोरं मुकाट उतरवून घेत होती. राणीनं हात वर केला.

"मॅडम, ही खरंच अशी दिसती?"

"हो," मी म्हटलं. "अशीच. काढून घ्या."

तिनं एकवार फळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि मान खाली घालून काढायला लागली.